नुसती थुंकी

मला आजवर लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. पण भर बाजारात, मासळीच्या टोपल्यांपाशी, ओळखीच्या बायकांसमोर, "काय गो थुंके, बरी आसंस मां?" अशी हाक मारणारा माणूस एकच. आणि ती हाक ऐकून वळणारी, वर "बरी आसंय, मास्तरानू" म्हणून हसणारी बाईही बहुधा जगात मी एकटीच. नवीन माणूस बघत राहतो. पर्यटक असला तर विचारतोसुद्धा, की तुमच्याकडे हे काही नातं असतं का.

ज्यांचं जेवण व्हायचं आहे त्यांनी पुढचं नंतर वाचावं, हे आधीच सांगते. मी स्वतः खानावळ चालवते. माझ्या पंगतीत कुणी असले विषय काढले तर मी त्याच्या पानात कालवण वाढणार नाही. पण मास्तरांची गोष्ट सांगायची तर बेडक्याला टाळून सांगता येणार नाही. त्यांचा सगळा जन्म त्यात गेला.

मास्तर शाळेत कधी शिकवायला नव्हते. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. रक्त बघायचे, लघवी बघायचे, सगळं बघायचे. पण क्षयाची शंका असलेला माणूस आला, की त्यांच्या अंगात यायचं. त्याला ते मागच्या अंगणात काजूखाली नेत आणि खोकायला शिकवत. "वाकून उभो रव. गुडघ्यार हात ठेव. श्वास घे, धर, आता पोटातसून! गळ्यातसून नको, गळ्यातलो माका काय कामाचो?" आणि मग स्वतः असं काही खोकून दाखवत, की काजूवरचे कावळे उडून जात. म्हणून ते खोकलेमास्तर. पुढे लोकांनी खोकला गाळला आणि नुसतं मास्तर ठेवलं.

अंगाने काटकुळे, उंच, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. बोटांची नखं कायम लालसर. तो तपासणीतला रंग, कितीही घासला तरी जायचा नाही. कुणाच्या लग्नाला गेले, की यजमानीण म्हणायची, मास्तर, मेंदी काय लावलात? ते घाईघाईत जेवून उठायचे.

त्यांची काही माणसांशी भांडणं होती, पण खरं वैर होतं एका पाटीशी. रुग्णालयाच्या भिंतीवर सरकारी पाटी होती, खोकला थांबत नसेल तर थुंकी तपासून घ्या. त्यातल्या 'थुंकी' या शब्दावर मास्तर कागदाची पट्टी चिकटवायचे आणि त्यावर लिहायचे 'बेडका'. पावसात पट्टी गळून पडायची, हे परत लावायचे. कुणी वरचा साहेब ओरोसच्या जिल्हा कचेरीतून आला की ती फाडायला लावायचा, म्हणायचा हा शब्द बरा दिसत नाही. साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली, की मास्तर डिंकाची बाटली घेऊन भिंतीपाशी हजर. "थुंकी म्हटल्यार लोक थुंकीच हाडतले," ते म्हणायचे. "तेंचो दोष काय? थुंकीत काय गावतला? जंतू छातीत आसा, थुंकी तोंडातली. पाटीच खोटी!"

आणि लोक आणायचेही काय काय! त्यांनी दिलेली झाकणाची डबी घरी विसरून कुणी मलमाच्या डबीत आणायचा, एक म्हातारा तर करवंटीत, वर केळीचं पान बांधून. पण सगळ्यांत गाजला तो नांदगावकडचा गृहस्थ. त्याची डबी गुलाबी. घरची सगळी माणसं बरोबर आलेली, बायको रडतेय, "मास्तरानू, रगात पडलां हो!" मास्तरांनी डबी उजेडात धरली, लांबून, डोळे बारीक करून. मग विचारलं, "जेवलंस?" तो म्हणाला, हो. "सोलकढी घेतलंस?" तो म्हणाला, वायच, थोडीशीच. "वायच नाय, बरीच घेतलंस. आमसूल थुंकलंस तू! फाल्या सकाळी चूळ भरून बेडको घेवन ये." दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात काही निघालं नाही. पण त्या घरात नंतर बरेच दिवस कुणी सोलकढी केली नाही म्हणतात.

नावं आणि चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. वाऱ्याची दिशा मात्र कायम लक्षात. काजूच्या फांदीला त्यांनी जुन्या जाळ्याचा दोरा बांधून ठेवला होता. तो कुठे उडतोय ते बघितल्याशिवाय ते खोकणाऱ्याला उभं करायचे नाहीत, आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या बाजूला. माडाच्या हिराच्या काड्या ते स्वतः तासून आणायचे. त्या काडीने बेडका काचेवर पसरायचा, वाळवायचा, लाल रंग, मग निळा, आणि मग बसायचे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. याला ते 'वाडी फिरणं' म्हणायचे. काचेवरचा एकेक तुकडा म्हणजे एकेक घर. "सगळी घरां बघितल्याशिवाय वाडीत कोण नाय म्हणाचां नाय," हे त्यांचं ठरलेलं. वाडी फिरत असताना कुणी दार वाजवलं तर आतून नुसतं "घरात नाय!" असं ओरडायचे.

अजून एक खोड होती, ती आम्हां सगळ्यांना ठाऊक झाली होती. आमच्याकडे माणूस घरी मालवणीत बोलतो आणि कचेरीत गेला की शुद्ध मराठी काढतो. मास्तर सरकारी नोकर असून सगळ्यांशी मालवणीतच बोलायचे. डॉक्टरीणबाईंशीही. त्या घाटावरच्या होत्या, नवीन होत्या, त्यांना अर्धं कळायचं नाही, पण माणूस कसा आहे ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं. असा हा माणूस एखाद्या पेशंटशी एकदम शुद्ध बोलायला लागला, की समजायचं. "आपण जरा बसा" असं मास्तर म्हणाले, की बाकावरची माणसं आपोआप सरकून त्याला जागा करून द्यायची. शिव्या दिल्या, ओरडले, 'गो' म्हणाले, 'मेल्या' म्हणाले, तर देवाला नारळ. 'आपण' म्हणाले, की झालं.

आता माझं सांगते.

मला खोकला लागला तेव्हा माझी मुलगी नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती. नवरा ट्रॉलरवर, किनाऱ्याला आला की घरी. घरात मी, पोर आणि सासूबाई. संध्याकाळी बारीक ताप, जेवण जाईना, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरीणबाईंनी आधी औषधं दिली, फरक पडेना, तेव्हा म्हणाल्या, तपासून घेऊ. घरी येऊन मी ते सांगितलं मात्र, सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पोरीचं अंथरूण उचललं आणि आपल्या खोलीत नेलं. "कागदार 'नाय' येवंदे. मगे घे तुजां चेडू."

त्यांचं चुकलं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. पोर पलीकडे रडायची, मी अलीकडे. झोपताना माझा कान धरून झोपायची सवय तिला. मला कुठल्याही वाटेने तो 'नाही' हवा होता. माझी पोर परत कुशीत यायची ती त्या एका शब्दावर.

तर मी डबी घेऊन गेले. मास्तरांनी ती उजेडात धरली.

"कोणाची ही?"

"माझी."

"ही थुंकी. माका बेडको होयो."

सासूबाई बरोबर होत्या. त्या पुढे झाल्या. "मास्तरानू, आसा त्यां तपासा आणि नाय म्हणान लिवन द्येवा. ल्हान चेडू आसा घरात."

"वयनीनू, थुंकीत बघून मी 'नाय' लिवलंय, तर त्यां 'नाय' थुंकीचां. हिचां न्हय."

आणि डबी बाजूला ठेवली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या लोकांची तपासता, माझ्याच डबीला काय सोनं लागलंय? मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, त्यांनी मागितलं तर द्या, ते उगाच मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत भरून नेली. चूळ भरून, स्वच्छ, व्यवस्थित, जेवढी जमली तेवढी. मी आपली बाकावर बसलेय, तर आतून गर्जना, "परत थुंकी! खंय गेली ती थुंकी? थुंकीक बोलवा!" सगळा बाक हसला. मला तेव्हा समुद्रात जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण आधी ह्या माणसाला ढकलून.

मी आत गेले ती भांडायच्याच तयारीने. "माका नाय येणत तुमचो बेडको!"

"खोकतंस मां?"

"खोकतंय."

"खोकल्यार छातीतसून वर येता मां काय तरी?"

"येता."

"मगे जाता खंय तो?"

"खंय जातलो? गिळतंय."

मास्तरांनी डबी खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. पण ते स्टुलावर बसले, आणि दारात उभ्या सासूबाईंकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "वयनीनू, तुमी काय करतास?"

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "गिळतंव. बायल माणसां आणि काय करतली? पुरसांसारख्या खाकरूचां?"

खरंच सांगते, मला त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. आमच्या घरात खाकरायचं ते पुरुषांनी. सासरे होते तेव्हा वळईत, म्हणजे मधल्या खोलीत, येण्याआधी खाकरायचे, की आम्ही बायका पदर सावरून आत. बाईने खाकरलं, थुंकलं, तर ती कसली बाई? खोकला आला की तोंडावर पदर, आणि जे आलं ते खाली. माझ्या आईने तेच केलं, तिच्या सासूने तेच केलं असणार. कुणी शिकवलं नाही, सगळ्यांना येत होतं.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "इतकी वर्सां मी हय बोंबलतंय, बायकांची डबी थुंकीचीच कित्या येता म्हणान! आणि एकाव बायल माणसान माका सांगूक नाय!"

"तुमी इचारलास काय कोणाक?" सासूबाई म्हणाल्या.

मास्तर उठले आणि अंगणात गेले. तिथे काजूखाली दोन पुरुष विडी ओढत बसले होते, त्यांना हुसकलं. "उठा! हय आता पुरसांचां काम नाय." दोरा कुठे उडतोय बघितलं. मला झाडाखाली उभी केली, आणि आपण लांब जाऊन, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी गातंय," भिंतीला सांगितल्यासारखं ते म्हणाले. "माझो आवाज मोठो आसा. तू खोक. तुझो कोण ऐकाचो नाय. आणि लाज वाटली तर माझ्या गाण्याची वाटतली, तुझ्या खोकल्याची नाय."

आणि त्यांनी भजन सुरू केलं. देवा रे देवा! आमच्याकडे भजनाला मेलेलं माणूस उठून बसेल असे बुवा आहेत, पण मास्तरांना सूर म्हणजे काय ते कुणी कधी दाखवलंच नव्हतं. मी वाकले, हात गुडघ्यावर ठेवले, आणि मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. नेहमीप्रमाणे हात पदराकडे गेला. मास्तर भजनातच ओरडले, "गिळू नको गोऽऽ!" पायरीवर बसलेल्या सासूबाईंना ते गाणं सहन होईना. त्या टाळ्यांनी ताल धरून बसल्या. "ताल चुकता मेल्याचो," त्या पुटपुटत होत्या, "सांभाळूक नको?" असं ते गाणारे, ह्या वाजवणाऱ्या, आणि मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडं ठेवून, पोटातून, सगळ्या अंगाने खोकले.

काहीतरी आलं. घट्ट, पिवळट. मी झाकण लावलं आणि लांब जाऊन उभी राहिले. मास्तर वळले, डबी उचलली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. "ह्येका म्हणतत बेडको!" म्हणाले, आणि दोन्ही हातांनी ती डबी सांभाळत आत गेले.

आम्ही बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आपण जरा आत येऊन बसा."

बाकावरची माणसं सरकली. सासूबाईंनी माझा हात धरला, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच.

आत मी रडायला लागले. मला मरायची भीती नव्हती वाटली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, पोर गेली माझ्या हातातून. आता ही मला विसरणार. मास्तरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "बघायचं आहे आपल्याला?" मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी काही दिसेना, मग निळं निळं दिसलं, आणि त्यात बारीक लाल काड्या. इकडे एक, तिकडे दोन, वाकड्या पडलेल्या. एवढंसं! माझं अंथरूण वेगळं करणारे हेच ते!

"हे पाहुणे," ते म्हणाले. "न बोलावता आलेले. औषध नियमित घेतलं, की जातात." आणि मग त्यांना ते शुद्ध बोलणं झेपेना. "रडा नको गो. खंय बसलेत त्यां कळलां मां? आता घालवूक येतत. त्या थुंकीर माझ्याकडसून 'नाय' घेवन गेली असतंस, तर घरातच रवले असते. तुज्या कुशीत. तुज्या चेडवाक चिकटान."

त्या एका वाक्याने माझा राग पार उतरला. आजही मी खानावळीत कुणाला जास्तीचा मासा वाढते, तेव्हा मनात कुठेतरी मास्तर असतात.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं. तिला काही नव्हतं. पण ती लहान, म्हणून तिलाही खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या. मला म्हणाल्या, औषध सहा महिने. पहिले दोन महिने झाले की परत बेडका तपासू, तोवर पोर आजीकडेच झोपू दे. मी दुसऱ्या खोलीच्या दारात बसून तिला लांबून खेळवायची. मध्येच एक दिवस ती सासूबाईंना 'आई' म्हणाली. सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे दटावलं, "मी आजी. आई ती थय बसली हा." तरी मला जे लागायचं ते लागलंच.

तेव्हापासून मास्तरांचं गाणं मात्र सुरू झालं ते झालंच. कुणी बाई डबी घेऊन आली, की अंगण रिकामं आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून भजनात. रस्त्यावरून जाणारा माणूसही ओळखायचा, कुणीतरी खोकतंय बिचारी. पुढे मशीन आलं, ते डबीतलं आपणच तपासतं आणि लवकर सांगतं. सगळ्यांना वाटलं मास्तरांना वाईट वाटेल. ते मशीनवर खूश होते. म्हणायचे, "मशीन माझ्यापेक्षा हुशार आसा. पण तेकासुदीक थुंकी दिलास तर तां काय करतला? आणि मशीनाक गाणां म्हणूक येता काय?" आता ते निवृत्त होऊन मिठबावला असतात. काजू बघतात, आणि बाजाराच्या दिवशी इकडे येतात. अंगणात हल्ली आमच्या गावच्या आशाताई गातात. त्यांचा गळा चांगला आहे. त्यामुळे, मास्तर म्हणतात, लोक ऐकत बसतात आणि खोकायचं विसरतात.

तर ते दोन महिने झाले. मी डबी घेऊन अंगणात उभी राहिले. ह्या वेळी सासूबाई पोरीला कडेवर घेऊन आल्या होत्या, लांब पायरीपाशी उभ्या. मास्तर भिंतीकडे वळले, भजन सुरू झालं. मी वाकले, श्वास घेतला, धरला, पोटातून खोकले. काही नाही. परत खोकले. भजन संपलं, मास्तरांनी दुसरं घेतलं. काही येईना. घशात, छातीत, कुठेच काही नाही. शेवटी जे तोंडात होतं ते डबीत टाकलं. पाणीच ते.  आता हे म्हणणार मी गिळलं. परत पाठवणार. परत उद्या, परत परवा, आणि पोर तिकडेच.

मास्तर डबी घेऊन आत गेले. दार लावलं. कुणीतरी वाजवलं तर आतून आवाज आला, "घरात नाय!" मी बाकावर बसले नाही. दारासमोरच उभी राहिले. त्यांच्या तोंडून 'आपण' येतं की 'गो' येतं, एवढंच मला ऐकायचं होतं.

दार उघडलं. मास्तरांचा चेहरा पडलेला की कसा, मला कळेना.

"थुंकी!" ते ओरडले.

"मास्तरानू, मी गिळूक नाय! आयशप्पत गिळूक नाय, येवकच नाय काय!"

"येतलो खंयसून? आसा काय आत? सगळी वाडी फिरान इलंय, घर न घर बघलंय! कोण नाय गो! पावणे गेले! थुंकी आसा, नुसती थुंकी!"

मी तिथेच खाली बसले. सासूबाई आल्या आणि त्यांनी पोरीला माझ्या मांडीत ठेवलं. पोर आधी आजीकडे बघून रडली. मग माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हात वर करून तिने माझा कान धरला.

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि कुणीही खोकत नसताना मोठ्याने भजन म्हणायला लागले. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आताव ताल चुकता मेल्याचो," आणि पायरीवर बसून टाळ्या वाजवायला लागल्या.